आधी नाक, मग मीटर

परवा रात्री साडेदहाला मी गॅरेजमध्ये एक रोल चिरत बसले होते. रोल म्हणजे उभ्या व्हॅक्यूम क्लीनरच्या पोटाखाली ब्रश लावलेला जो लाटण्यासारखा दांडा फिरतो तो. त्याच्यावर केस इतके गुंडाळले गेले होते की दांडाच दिसेना. शिवण उसवायचं ते काट्यासारखं छोटं हत्यार असतं ना, आईच्या शिलाई मशीनच्या ड्रॉवरमध्ये कायम पडलेलं असायचं, त्याने मी एकेक थर उभा कापत जाते. वरचा थर पांढऱ्या आखूड केसांचा, म्हणजे कुत्रा. त्याखाली ख्रिसमस ट्रीवर टाकतात ती चंदेरी झिरमिळी. मग लांब सोनेरी केस, चांगला बोटभर थर, घरात एक तरी मुलगी मोठी होत असणार. आणि अगदी तळाशी दांड्याला चिकटून शेवाळी हिरवी लोकर. सत्तरच्या दशकात इकडे अमेरिकेत घरोघरी त्या रंगाची लोंबत्या लोकरीची कार्पेटं घालायचं खूळ होतं. म्हणजे मशीन घेतल्यापासून हा रोल कुणी एकदाही साफ केलेला नव्हता, आणि मशीन देऊन जाणाऱ्या बाईंची तक्रार काय तर, हल्ली जरा ओढत नाही. हल्ली!

मला लोक विचारतात, विशेषतः आपली मराठी मंडळी विचारतात, की तुला हे कुठून सुचलं. मंडळाच्या गणपतीत कुणी नवीन भेटलं की नवरा माझी ओळख करून देताना जरा अडखळतो, ही जुने व्हॅक्यूम रिपेअर करते, हॉबी म्हणून, असं पटकन म्हणून विषय बदलतो. हॉबी वगैरे काही नाही. सुरुवात झाली ती रिकामपणातून.

मी सांगलीची. इलेक्ट्रिकलचा डिप्लोमा केला आणि नोकरी मिळेपर्यंत म्हणून मामाच्या मोटर रिवायंडिंगच्या, म्हणजे जळलेल्या मोटरीत नवी तार गुंडाळून द्यायच्या दुकानात बसायला लागले, ते तीन वर्षं बसले. आमच्याकडे ऊस, म्हणजे पाण्याच्या मोटरी, आणि उन्हाळ्यात एक फेज गेली की मोटरी जळणारच, मार्च लागला की दुकानासमोर ट्रॅक्टर-ट्रॉल्यांची रांग. वेटोळी मोजायची, वार्निशमध्ये बुडवायची, भट्टीत सुकवायची. मधूनच बायका मिक्सर घेऊन यायच्या, ते काम माझ्याकडे. मामाचा नियम एकच, आधी नाक लाव मग मीटर लाव. जळलेल्या वार्निशचा वास एकदा डोक्यात बसला की जन्मभर जात नाही, कडवट, गुळाचा पाक करपल्यासारखा. तो वास आला की वायंडिंग गेलं. नुसता करवतीच्या भुशासारखा कोरडा वास आला तर कार्बन, म्हणजे मोटरीच्या फिरत्या भागाला टेकून वीज पोचवणारे तुकडे, घासलेत. आणि पावसाच्या आधी येतो तसा झिणझिण्या आणणारा वास आला तर आत ठिणग्या उडतायत.

२०११ च्या डिसेंबरात लग्न होऊन ओहायोत आले, एच-फोर व्हिसावर, म्हणजे नवऱ्याच्या नोकरीच्या व्हिसाला जोडून बायकोला मिळतो तो. डिपेंडंट. शब्दच असा की पासपोर्ट उघडला की वाईट वाटायचं. नोकरी करायची नाही, धंदा करायचा नाही, गाडी येत नाही, बाहेर गुडघाभर बर्फ, आणि घरभर कार्पेट. जिन्यावर कार्पेट, बेडरूममध्ये कार्पेट. शहाबादी फरशीवर वाढलेल्या माणसाला हे फार विचित्र वाटतं, पाणी टाकून घर धुता येत नाही म्हणजे काय. नवऱ्याने मी यायच्या आधी सेलमध्ये घेतलेला प्लॅस्टिकचा व्हॅक्यूम होता, तो घेतल्यापासून सहाव्या महिन्यात शिट्टी मारायला लागला आणि बंद पडला. उघडायला गेले तर स्क्रू आहेत पण खोल भोकात, वेगळ्याच आकाराचे, त्यांचा स्क्रू ड्रायव्हर आणला आणि काढले तर पुढे कडा चिकटवलेल्याच. दुकानात नेला. काउंटरवरचा मुलगा अगदी गोड हसून म्हणाला, हे उघडायचं नसतं, नवीन घ्यायचं. मला राग आला. वस्तू बिघडली याचा नाही, ती उघडता येत नाही याचा.

त्यानंतरच्याच आठवड्यात, कचऱ्याच्या दिवशी, चार घरं सोडून रस्त्याच्या कडेला एक उभा व्हॅक्यूम ठेवलेला दिसला. फिकट निळसर, कपड्याची पिशवी, समोर छोटा हेडलाइट, स्कूटरसारखा. मी सपाता घालून बर्फातून गेले आणि घेऊन आले. आपल्याकडे कुणी बघितलं असतं तर सांगलीपर्यंत बोभाटा झाला असता.

तो होता हूवर कन्व्हर्टिबल. हे मॉडेल १९५७ पासूनचं, माझा साठच्या दशकातला. कन्व्हर्टिबल कशासाठी, तर मागे एक झाकण आहे, तिथे पाइपचा अडॅप्टर खुपसला की उभ्याचा पाइपवाला व्हॅक्यूम होतो, आणि त्या खुपसण्यानेच आत एक स्विच दाबला जाऊन मोटर जास्त वेगाने फिरायला लागते. इलेक्ट्रॉनिक्स शून्य. कुणीतरी विचार केलाय, की पाइप लावला की ओढ कमी पडते, बाईला वेगळं बटण कशाला शोधायला लावायचं. मी तो स्विच बोटाने पंधरा वेळा दाबून बघितला. टक, टक.

लगेच प्लग लावायचा मोह झाला, पण मामाचं दुकान आठवलं. पन्नास वर्षं पडून असलेलं मशीन सरळ पिनेत घालायचं नाही. वायरचं रबर वाळून कडक झालेलं असतं, वाकवली की तडकते, आणि जुन्या मशीनची बॉडी धातूची, अर्थिंग नाही, म्हणजे आतला एक धागा बॉडीला टेकला की हातात करंट. सिरीज लॅम्प लावायचा. साधा शंभर वॅटचा पिवळा बल्ब मशीनच्या लाइनीत मध्ये टाकायचा, बल्ब भक्कन पेटून तसाच राहिला तर आत शॉर्ट, मंद पेटला आणि मोटर हलकेच सरकली तर जीव आहे. गंमत म्हणजे नेमका २०१२ च्या जानेवारीपासून अमेरिकेत हा शंभरचा बल्ब बंद व्हायला लागला होता. नवऱ्याला दुकानातून उरलेले डझनभर आणायला लावले. त्याने काहीच विचारलं नाही, मला वाटतं घाबरला होता.

बल्ब मंद पेटला. मोटर कण्हल्यासारखी सरकली.

मग तीन दिवस मी ती मोटर उघडून बसले. आणि आत काय, मिक्सरच! युनिव्हर्सल मोटर. तेच आर्मेचर, म्हणजे तार गुंडाळलेला फिरता गाभा, त्याच्या टोकाला तेच तांब्याच्या पट्ट्यांचं कम्युटेटर, तेच दोन बाजूंनी स्प्रिंगने टेकलेले कार्बन. सात समुद्र पलीकडे येऊन मला सांगलीतल्या बायकांचे मिक्सर भेटले. कार्बन नखाएवढे उरले होते. नवे बसवताना एक गोष्ट लोक विसरतात, कार्बनचं तोंड सपाट असतं आणि कम्युटेटर गोल, म्हणून बारीक पॉलिश पेपर कम्युटेटरभोवती गुंडाळून कार्बनचं तोंड त्या गोलाईत घासून घ्यायचं. एमरी पेपर नाही, त्याचे कण वीज वाहतात आणि पट्ट्यांमध्ये अडकले की झालं कल्याण. पट्ट्यांमधली अभ्रकाची फट हॅकसॉ ब्लेडच्या तुकड्याने हलकेच मोकळी करायची. हे काम घाईचं नाही. डाळ निवडायला बसतो तसं बसायचं. बेअरिंग घरघरत होतं, ते बदललं. बेअरिंग ही मला जगातली सगळ्यात सरळ वस्तू वाटते. वर नंबर कोरलेला असतो, तो नंबर दाखवला की साठ वर्षांनंतरही तेवढंच, तसंच बेअरिंग हातात पडतं. माणसांचंही असं असतं तर किती बरं झालं असतं.

सगळं जोडलं, नवा बेल्ट घातला, चालू केलं. आवाज कसला छान, जाड, खर्जातला. आणि मशीन माझ्याच अंगावर यायला लागलं. मी पुढे ढकलतेय, ते मागे येतंय, आणि कचरा आत जायच्या ऐवजी पुढे उडतोय, सोफ्याखाली.

तेव्हा समोरच्या घरातले आजोबा कुंपणाशी उभे होते. मी त्यांना मनातल्या मनात आजोबाच म्हणायचे, तोंडावर अर्थात मिस्टर अमुक. गॅरेजचं दार उघडं होतं, त्यांनी आवाज ऐकला होता. आत आले, मशीन आडवं केलं, हसले आणि म्हणाले, बेल्ट उलटा पिळलायस. झालं असं, की या मशीनमध्ये मोटर उभी असते, तिचा दांडा खाली निघतो, आणि रोल असतो आडवा. मग बेल्टला मध्ये पाव पीळ देऊनच घालावं लागतं. तो पीळ डाव्या अंगाने दिला की रोल एकीकडे फिरतो आणि उजव्या अंगाने दिला की दुसरीकडे. खाली धातूवर चक्क बाणाचं चित्र होतं, ते धुळीने भरलेलं. त्यांनी अंगठ्याने धूळ पुसली, बेल्ट काढला, न बघता परत घातला. न बघता! मी विचारलं हे तुम्हाला कसं. म्हणाले, मी याच गावात यांच्या मोटरी तपासण्यात आयुष्य घालवलंय.

तोवर मला माहीतच नव्हतं मी कुठे राहतेय. आमच्यापासून गाडीने वीस मिनिटांवर कँटन. तिथे झॉलिंजर नावाच्या मोठ्या दुकानात जेम्स मरी स्पँगलर नावाचा झाडूवाला होता, साठीच्या आसपासचा, दम्याचा. धान्य कापायचं यंत्र, गवत गोळा करायचं यंत्र, असले शोध लावून पेटंटं घेऊन पार कर्जबाजारी होऊन शेवटी रात्रीच्या साफसफाईला लागलेला माणूस. झाडताना कार्पेटची धूळ उडायची आणि हा खोकून बेजार. तर १९०७ साली त्याने पंख्याची मोटर, एक खोकं, झाडूचा दांडा आणि बायकोचा उशीचा अभ्रा एवढं जोडून धूळ ओढणारं यंत्र केलं. १९०८ च्या जूनमध्ये पेटंट. धूळ ओढायचं यंत्र त्याच्या आधीही होतं बरं का, लंडनमध्ये ह्युबर्ट सेसिल बूथने १९०१ मध्ये केलं होतं, पण ते घोडागाडीवर, आपल्याकडे पाण्याचा टँकर येतो तसं दारात उभं राहायचं आणि खिडकीतून पाइप आत. एका माणसाने एका हाताने घरात फिरवायचं हे स्पँगलरचं.

त्याने ते ओळखीतल्या सुझन हूवर नावाच्या बाईंना दाखवलं. त्यांच्या नवऱ्याचा घोड्यांच्या चामडी सामानाचा कारखाना होता, खोगीर, पट्टे, कंठे. आणि मोटारी आल्या होत्या, घोडे चालले होते. त्या नवऱ्याने स्पँगलरकडून पेटंट घेतलं, चामड्याच्या कारखान्याच्या एका कोपऱ्यात यंत्रं बनवायला सुरुवात केली, आणि डिसेंबर १९०८ मध्ये साप्ताहिकात जाहिरात दिली, दहा दिवस घरी फुकट वापरून बघा. मला यातला तो उशीचा अभ्राच आठवत राहतो. मिसेस स्पँगलरला विचारलं होतं की नाही कोण जाणे.

हूवरचा कारखाना होता त्या गावाचं नाव तेव्हा न्यू बर्लिन. पहिल्या महायुद्धात, १९१८ मध्ये, बदलून नॉर्थ कँटन केलं. कारखाना जवळजवळ शंभर वर्षं चालला, आणि मग कंपनी या हातातून त्या हातात जात २००७ मध्ये बंद झाला. आजोबा त्याआधीच निवृत्त झाले होते. त्याबद्दल ते फारसं बोलायचे नाहीत. एकदाच म्हणाले, कारखान्याचा भोंगा बंद झाल्यावर काही दिवस जेवायची वेळ कळायची नाही.

नंतर दर शनिवारी ते यायचे. स्टुलावर बसायचे, हात लावायचे नाहीत, नुसतं बघायचे. मी उलटा स्क्रू फिरवायला गेले की खोकायचे. पंखा काढताना तर हटकून खोकायचे, कारण काही मशिनांत पंख्याचे आटे उलटे असतात, जोर लावला की दांडाच मोडतो. आणि पंखा बघणं हे या मशिनांचं मुख्य काम. यात कचरा आधी पंख्यातून जातो आणि मग पिशवीत. आजच्या बहुतेक मशिनांत उलटं, आधी पिशवी किंवा डबा, मग पंखा. जुन्या पद्धतीत हवेचा रस्ता आखूड, म्हणून लहान मोटरवरसुद्धा कार्पेट सपाट वर उचललं जातं, आणि रोलवरच्या पट्ट्या ते धोपटतात, गोधडी वाळत घालून काठीने धोपटावी तसं. ही धोपटायची युक्ती १९२६ ची. पण रस्त्यात नाणं आलं, केसांची पिन आली, की सरळ पंख्यावर. एका मशीनमधून मी सतरा सेंट, कानातल्याचा एक भाग आणि लेगोच्या बाहुल्याचं डोकं काढलं होतं. एक पातं मोडलेलं होतं, आणि एक पातं मोडलं की पंख्याचा तोल जातो, मशीन थरथरतं, ती थरथर बेअरिंग खाते, बेअरिंग गेलं की आर्मेचर घासतं. लोक म्हणतात मोटर गेली. मोटर कशाला जातेय, एका पेनीने केलं ते.

खोटं कशाला बोलू, जुनं ते सगळं सोनं असं मला अजिबात वाटत नाही. ही मशिनं जड आहेत, जिन्यावर चढवताना कंबर जाते, आवाजाने शेजारचं बाळ उठतं, आणि त्या जुन्या कापडी पिशवीतून बारीक धूळ परत खोलीत येते. दम्याच्या माणसाने शोधलेलं यंत्र दम्याच्या माणसाला देताना मी आधी पिशवी बदलते, आत नवी बारीक विणीची घालते, नाहीतर देत नाही. कुणी म्हणालं मूळ पिशवीच हवी, तर शोभेला ठेवा म्हणते. आणि मूळ वायर ठेवा म्हणणाऱ्यांशी तर मी भांडते. पॉलिश करून कपाटात ठेवणारे लोकही आहेत, ॲल्युमिनियम आरशासारखं घासतात, हेन्री ड्रेफस या नावाजलेल्या डिझायनरने केलेलं हूवरचं १९३६ चं मॉडेल वन-फिफ्टी मिळालं की देव्हाऱ्यात ठेवायचं बाकी असतं. दिसतं सुंदरच ते, मीही तासभर बघत बसले होते. पण चालवायचंच नाही तर कार्बन बदलून काय उपयोग.

आजोबांनी गावात सांगितलं असावं, कारण लोक यायला लागले. आणि इथे माझी पंचाईत. माझ्या व्हिसावर तेव्हा पैसे घेता येत नव्हते. मी नको म्हणायचे, ते समजायचे मी लाजतेय. मग झुकिनी, म्हणजे काकडीसारखी दिसणारी इकडची भाजी, यायला लागली. ओहायोत ऑगस्टमध्ये झुकिनी कुणालाच नको असते हे मला तेव्हा माहीत नव्हतं. टोमॅटो, ॲपल पाय, हाताने विणलेली टोपी. झुकिनी घेतलेली चालते का हे वकिलाला विचारायची हिंमत झाली नाही, थालीपीठं करून संपवली. २०१५ च्या मे महिन्यात नियम बदलला, ग्रीन कार्डच्या रांगेत असलेल्यांच्या एच-फोर बायकांना कामाची परवानगी मिळायला लागली. माझं कार्ड आलं त्या आठवड्यात एका बाईंनी चाळीस डॉलरचा चेक दिला, खाली कारणाच्या रेघेवर लिहिलं होतं, बेल्ट आणि कार्बन. तो चेक मी महिनाभर वटवलाच नाही. बाईंचा फोन आला, हिशेब जुळत नाहीये, प्लीज बँकेत टाक.

आजोबा २०१८ च्या हिवाळ्यात गेले. त्यांच्या घरात प्लॅस्टिकचा नवा व्हॅक्यूम निघाला, बिनपिशवीचा. मला हसूच आलं, मग वाईट वाटलं, मग परत हसू आलं. आयुष्यभर दुसऱ्यांच्या मोटरी तपासल्यावर घरी आणखी एक कशाला सांभाळायची.

आई पहिल्यांदा आली ती २०१९ च्या दिवाळीला. तिला व्हॅक्यूमचं अप्रूप नव्हतं. युरेका फोर्ब्सने १९८२ पासून आपल्याकडे दारोदार माणसं पाठवायला सुरुवात केली, त्यातला एक टायवाला मुलगा नव्वदच्या सुमारास आमच्या कॉलनीत आला होता, आमची गादी साफ करून त्याने काळ्या कापडावर धूळ काढून दाखवली होती. आईने त्याला चहा-पोहे दिले, धूळ नीट बघितली, म्हणाली बरं झालं बाबा साफ झाली, आणि काही घेतलं नाही. तो बिचारा जाताना पोह्यांसाठी थँक्यू म्हणून गेला.

तर आई गॅरेजमध्ये आली. सात मशिनं उभी, दोन उघडी, जमिनीवर काळा कार्बनचा भुगा, केसांचे पुंजके, वाळलेल्या रबराचे तुकडे. हा भुगा मी कुठल्याच चांगल्या मशीनने ओढत नाही, कार्बनची पूड मोटरीत गेली तर परत तेच काम माझ्याच अंगावर. आईने एकदा सगळीकडे नजर फिरवली.

"अगं, एवढी यंत्रं, आणि इथला केर कोण काढतं?"

मी काहीच बोलले नाही. ती आत गेली आणि लक्ष्मीपूजनासाठी म्हणून सांगलीहून बॅगेत तिरकी घालून आणलेली केरसुणी घेऊन आली. कस्टमवाल्याने तिच्यावरून तिला पाच मिनिटं थांबवलं होतं. हळदी-कुंकू अजून लागायचं होतं, म्हणून म्हटलं आधी पूजा तरी होऊ दे, तर म्हणाली सरक, आणि कोपऱ्यापासून झाडायला सुरुवात केली, मशिनांच्या चाकांखालून, एकेक उचलायला लावत. शेवटी सगळ्याचा ढीग दारापाशी झाला. त्यात एक बारीक स्प्रिंग होती, कार्बनची, जी मी दोन दिवस शोधत होते.